हिवाळ्यातली बैठक, उन्हाळ्यातली आग

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात जून-जुलै म्हणजे ऐन थंडी. मेलबर्नच्या ईशान्येला डोंगरउतारांवरची निलगिरीची रानं धुक्यात भिजलेली असतात, घरोघरी लाकडाच्या शेगड्या धगधगत असतात. अशा दिवसांत एखाद्या रस्त्यावरच्या आठ-दहा घरांतली माणसं संध्याकाळी कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमतात. चहा होतो, केक कापला जातो आणि टेबलावर त्याच रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा पसरला जातो. बोलायचा विषय एकच असतो. येत्या उन्हाळ्यात वणवा आला, तर आपण काय करायचं?

या गटांना ‘कम्युनिटी फायरगार्ड’ म्हणतात. व्हिक्टोरियाच्या ग्रामीण भागात आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांत आग विझवण्याची जबाबदारी ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ अर्थात सीएफए या संस्थेकडे आहे. ती १९४५ साली सुरू झाली आणि आजही तिचा बहुतेक भार स्वयंसेवकच वाहतात. त्यात शिक्षक, सुतार, शेतकरी, नर्स असे सगळे असतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सीएफएने शेजाऱ्यांचे हे गट बांधायला घेतले. संस्थेचा एक जाणकार काही बैठकांना येऊन बसतो, आग कशी वागते ते सांगतो, रस्त्यावरून सगळ्यांबरोबर फेरी मारतो. निर्णय मात्र गटानेच घ्यायचे असतात.

शेजाऱ्यांवर हे काम का सोपवावं लागलं, ते समजण्यासाठी १६ फेब्रुवारी १९८३ या दिवसाकडे जावं लागतं. ऑस्ट्रेलियात तो ‘ॲश वेन्सडे’ म्हणून ओळखला जातो. व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून ७५ माणसं गेली आणि दोन हजारांहून अधिक घरं जळाली. एकाच दुपारी इतक्या ठिकाणी आग लागली की, प्रत्येक घराशी बंब पोहोचणं कोणत्याही यंत्रणेला शक्य नव्हतं. आजही ते शक्य नाही. सीएफएची माणसं हे बैठकीत स्पष्ट सांगतात. बंब येईल असं धरून कुणी बेत आखू नये. ऐकायला हे कठोर वाटतं, पण मला यात प्रामाणिकपणा दिसतो. खोट्या भरवशापेक्षा कडू सत्य हिवाळ्यातच कळलेलं बरं.

ॲश वेन्सडेनंतर व्हिक्टोरियातल्या माऊंट मॅसिडन भागातल्या शेकडो घरांचा अभ्यास झाला. ज्या घरांत धडधाकट माणसं थांबली होती, ती घरं वाचण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. असं का झालं असावं, याचं उत्तर आग घराला कशी धरते यात आहे.

वणवा म्हटलं की ज्वाळांची भिंत चाल करून येते आणि घर गिळून टाकते, असं चित्र आपल्या मनात असतं. जळालेल्या घरांची पाहणी करणाऱ्यांना वेगळंच दिसतं. बहुतेक घरं ठिणग्यांनी पेटतात. वाऱ्याबरोबर निखारे, जळकी पानं, निलगिरीच्या सालीच्या पेटत्या चिंध्या यांचा मारा मुख्य आग पोहोचण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि ती निघून गेल्यावरही तासन्‌तास चालू राहतो. एखादी ठिणगी पन्हळीतल्या सुक्या पाचोळ्यात पडते, एखादी कौलाखालच्या फटीतून माळ्यावर शिरते, एखादी दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर धुमसत राहते. सुरुवातीला ही आग ओल्या गोणपाटाने किंवा बादलीभर पाण्याने विझेल एवढीच असते. ती विझवायला कुणी नसेल, तर अर्ध्या तासात घर हाताबाहेर जातं. मुख्य आगीची लाट एखाद्या ठिकाणावरून सहसा काही मिनिटांतच पुढे सरकते, पण घरं त्यानंतर बराच वेळ एकेक करून पेटत राहतात.

आता यात शेजारी कुठे येतो ते पाहा. तुम्ही तुमची पन्हळ झाडून लख्ख केली, खिडकीजवळची झुडपं काढली, सरपणाचा ढीग घरापासून लांब हलवला. पण वाऱ्याच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याच्या अंगणात कमरेएवढं सुकं गवत उभं असेल, तर तुमच्या घरावरचा ठिणग्यांचा मारा तिथूनच सुरू होणार. आणि त्याचं घर पेटलं, तर पेटलेलं घर हे तासभर जळणारं प्रचंड इंधन असतं. १८ जानेवारी २००३ रोजी कॅनबेरात जंगलातली आग शहरात घुसली. चार माणसं दगावली आणि पाचशेच्या आसपास घरं गेली. सर्वाधिक नुकसान झालेल्या उपनगरांपैकी एक होतं डफी. समोर रस्त्यापलीकडे पाइनची लागवड होती. पण रानापासून बऱ्याच आत असलेली घरंही जळाली. काही ठिणग्यांनी पेटली, काही शेजारच्या पेटत्या घराच्या, शेडच्या किंवा कुंपणाच्या धगीने. त्या वस्तीत एका घराची तयारी दुसऱ्याच्या तयारीवर किती अवलंबून असते, हे जळालेल्या रांगा पाहून कळत होतं.

म्हणूनच गटाची पहिली मोठी कामगिरी असते ती रस्त्याची फेरी. सगळ्यांनी मिळून एकेका घरापाशी थांबायचं आणि ठिणगीच्या नजरेने ते घर पाहायचं. या फेरीत एक गोष्ट फार मोलाची घडते. एरवी शेजाऱ्याला ‘तुमचं गवत वाढलंय’ म्हणणं कुणालाच आवडत नाही. म्हटलं तर वाद होतो, न म्हटलं तर मनात राहतं. इथे मात्र प्रत्येकाच्या घराची पाळी येते आणि प्रत्येकाच्या घरात काहीतरी निघतंच. कुणाच्या लाकडी डेकखाली खोकी रचलेली असतात. कुणाच्या गॅसच्या टाकीची सुरक्षा झडप घराच्या दिशेने तोंड करून असते, म्हणजे तापून ती उडाली तर ज्वाळेचा झोत थेट भिंतीवर. कुणाच्या हवा यायच्या झरोक्यांना जाळी नसते. तिथे दोन मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं नसलेली धातूची जाळी बसवावी लागते, प्लास्टिकची वितळून जाते. एकदा यादी झाली की कामंही वाटून घेता येतात. ज्याच्याकडे चेनसॉ आहे त्याने फांद्या उतरवायच्या, ज्याच्याकडे ट्रेलर आहे त्याने पाचोळा वाहायचा, ज्याला शिडीवर चढवत नाही त्याची पन्हळ दुसऱ्याने साफ करायची.

कायदाही यात थोडा वाकला आहे. व्हिक्टोरियात स्थानिक झाडं तोडायला एरवी परवाना लागतो. २००९ च्या मोठ्या आगींनंतर (त्यांच्याबद्दल पुढे येईलच) वणव्याच्या पट्ट्यातल्या घरांना काही सवलती मिळाल्या. घरापासून दहा मीटरपर्यंतची झाडं आणि तीस मीटरपर्यंतची झुडपं परवान्याशिवाय काढता येतात. जुन्या हद्दीच्या कुंपणालगतही दोन्ही बाजू मिळून चार मीटरची पट्टी साफ ठेवता येते. पण कुंपणाची दुसरी बाजू शेजाऱ्याची असते. त्याच्या संमतीशिवाय ती पट्टी अर्धीच राहते. आपल्याकडे सह्याद्रीत वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, त्यामागचा विचारही हाच आहे. आगीच्या वाटेत तिला खायला काही ठेवायचं नाही. फरक एवढाच की, तिकडे व्हिक्टोरियात ती रेषा दोन घरांनी बोलून काढायची असते.

गटाला आगीचं वागणंही शिकून घ्यावं लागतं, आणि त्यातल्या दोन गोष्टींवर मी अधिक बोलणार आहे, कारण त्या न कळल्याने माणसं मेली आहेत.

पहिली गोष्ट चढाची. आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाळा पुढच्या गवताला आणि झुडपांना आधीच तापवून सुकवतात. दर दहा अंशांच्या चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, वीस अंशांना चौपट. ज्या टेकडीवरून उत्तम देखावा दिसतो म्हणून घर बांधलं, तीच टेकडी आगीला बळ देते. रस्त्याच्या नकाशावर उतार काढले की कोणत्या घराला सगळ्यांत कमी वेळ मिळणार ते सगळ्यांना दिसतं, आणि त्या घराला सगळ्यांत आधी निरोप जायला हवा हेही.

दुसरी गोष्ट वारा बदलण्याची. आग्नेय ऑस्ट्रेलियातले अतिशय धोक्याचे दिवस एका ठरावीक पद्धतीने येतात. सकाळपासून वाळवंटी भागातून वायव्येचा तापलेला, कोरडा वारा सुटतो. आग त्याच्याबरोबर आग्नेयेकडे लांबच लांब, चिंचोळ्या पट्ट्यात धावते. मग संध्याकाळच्या सुमाराला नैर्ऋत्येकडून थंड वाऱ्याचा झोत येतो. दिवसभर उकाड्याने हैराण झालेल्या माणसाला हायसं वाटतं, पण नेमक्या त्याच क्षणी आगीच्या त्या लांब पट्ट्याची अख्खी ईशान्य बाजू आघाडी होऊन धावू लागते. काही किलोमीटर रुंदीची आग एकाएकी कित्येक किलोमीटर रुंद होते. ‘आग आपल्या बाजूने निघून चालली आहे’ असं दुपारी म्हणणारी वस्ती संध्याकाळी तिच्या तोंडावर सापडते. ॲश वेन्सडेला बरेच मृत्यू वारा फिरल्यानंतरच झाले.

७ फेब्रुवारी २००९ रोजी पुन्हा तेच घडलं. त्या दिवशी मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंशांवर गेला. त्याआधी कित्येक दिवस उष्णतेची लाट चालू होती आणि रानं सुकून खडखडीत झाली होती. शहराच्या उत्तरेला किलमोर ईस्ट इथे दुपारी बाराच्या आत विजेच्या तारेतून आग लागली. तिच्या ठिणग्यांनी तीस किलोमीटरहून पुढे नव्या आगी लावल्या. संध्याकाळी वारा फिरला आणि किंगलेक, स्ट्रॅथ्युअन, सेंट अँड्र्यूज या वस्त्या तिच्या तडाख्यात सापडल्या. पलीकडे दुसऱ्या आगीने मॅरीसव्हिल हे टुमदार गाव जवळजवळ पुसून टाकलं. राज्यभरात १७३ माणसं गेली, त्यातली ११९ एकट्या किलमोर ईस्टच्या आगीत. दोन हजारांहून अधिक घरं जळाली. तो दिवस ‘ब्लॅक सॅटर्डे’ झाला.

ब्लॅक सॅटर्डेने फायरगार्ड गटांची जुनी शिकवण हलवून सोडली. तोवरचं धोरण असं होतं की, तयारी करून थांबा आणि घर वाचवा, नाहीतर लवकर निघा. ॲश वेन्सडेच्या अभ्यासांतून ते आलेलं होतं आणि अनेक आगींत ते खरंही ठरलं होतं. पण २००९ ची आग वेगळ्याच ताकदीची होती. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगासमोर, म्हणजे रॉयल कमिशनसमोर, मृतांची माहिती आली तेव्हा दिसलं की, ११३ जण घरांच्या आत मेले. बरेच जण न्हाणीघरांत सापडले. पाणी आहे, फरशी आहे म्हणून माणसं तिथे शिरली असतील, पण न्हाणीघराला सहसा एकच दार असतं आणि बाहेर काय चाललंय ते दिसत नाही. घर पेटू लागलं की बाहेर पडायची वाट उरत नाही. मृतांपैकी ४४ टक्के लोक बारा वर्षांखालची मुलं, सत्तरीपुढचे वृद्ध, किंवा आजारी, अपंग होते. हा आकडा वाचून थांबावंसं वाटतं. ज्यांना स्वतःहून निघता येत नव्हतं, ज्यांना कुणीतरी न्यायला हवं होतं, अशी ही माणसं.

आज सगळीकडे आधी एकच सांगितलं जातं. लवकर निघणं हाच सर्वांत सुरक्षित मार्ग. ‘लवकर’ म्हणजे धूर दिसल्यावर नव्हे. त्या दिवशी कुठे आग लागण्याआधीच. २०२२ च्या सप्टेंबरपासून सगळ्या ऑस्ट्रेलियात धोक्याच्या चार पायऱ्या एकसारख्या वापरल्या जातात. मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक. शेवटच्या पायरीला संदेश असतो की, जीव वाचवायचा असेल तर रानाचा पट्टा सोडा. अशा दिवशी उत्तम तयारी केलेलं घरही टिकेल अशी हमी कुणी देत नाही.

सांगायला हे सोपं आहे, करायला फार अवघड. माणूस निघत नाही. कुत्रा सापडत नाही, नवरा कामावरून यायचा असतो, गेल्या वेळी निघालो तेव्हा काहीच झालं नव्हतं. एका उन्हाळ्यात असे धोक्याचे दिवस अनेक येतात, आणि त्यातल्या बहुतेक दिवशी तुमच्या रस्त्याला आग शिवतही नाही. दोनतीनदा सामान भरून, मुलांना घेऊन, शहरात दिवस काढून परत आल्यावर चौथ्या वेळी माणूस म्हणतो, ‘बघू या जरा.’ वणव्यात सर्वांत घातक बेत कोणता, तर हाच. ‘बघू या’ म्हणणारा थांबायची तयारी करत नाही आणि निघतही नाही. मग शेवटी धुरात, पडलेल्या झाडांच्या रस्त्यावर, गाडीत बसून निघतो.

शेजाऱ्यांच्या गटाने सर्वांत मोठं काम कुठे करायचं, तर इथे. पन्हळी आणि गवतापेक्षाही मोठं. एकटं घर त्या सकाळी घासाघीस करत बसतं. गटाने मात्र हिवाळ्यात, डोकं थंड असताना, खूण ठरवून ठेवलेली असते. उद्याचा दिवस कॅटॅस्ट्रॉफिक असल्याचं रेडिओवर सांगितलं, की ज्यांच्या घरी लहान मुलं किंवा म्हातारी माणसं आहेत त्यांनी आज संध्याकाळीच निघायचं, बाकीच्यांनी सकाळी आठच्या आत. एक्स्ट्रीम असेल तर कुणी काय करायचं, तेही लिहून. अशी खूण ठरलेली असली की त्या सकाळी नव्याने वाद घालायचा नसतो, ठरलेलं पाळायचं असतं. आणि शेजारी निघताना दिसला की आपलेही पाय निघतात. उलटही खरं आहे. सगळा रस्ता थांबलेला दिसला, की निघू पाहणाराही थबकतो. म्हणून गटाने एकमेकांना धीर द्यायचा तो थांबण्यासाठी नव्हे, निघण्यासाठी. हे ज्या गटाला कळत नाही, तो गट धोका वाढवूही शकतो. हे बैठकीत मोकळेपणाने बोललं जायला हवं.

पुष्कळ कुटुंबं निघण्याचा दिवस सुसह्य करून घेतात. चारपाच घरांनी मिळून मेलबर्नमध्ये एखाद्याच्या बहिणीकडे जायचं, मुलांना वाचनालयात किंवा सिनेमाला न्यायचं. वातानुकूलित मॉलमध्ये दिवस काढला, संध्याकाळी परतलो, आग आलीच नाही, तरी तो दिवस वाया गेला असं वाटत नाही. पुढच्या वेळी निघणं तेवढंच सोपं जातं. मुलांना सोबत असली की ती रडत नाहीत, हेही आहेच.

गटाकडे एक यादी असते. कोण कुठे राहतं, घरात किती जण, कोणाला चालता येत नाही, कोणाकडे गाडी नाही, कोण उन्हाळ्यात रात्रपाळीला असतं, कोणाची मुलं शाळा सुटल्यावर दोन तास एकटी असतात, कोणाचे घोडे आहेत आणि त्यांना न्यायला ट्रेलर कुणाचा. ही माहिती विश्वासाने दिली-घेतली जाते, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. एकट्या राहणाऱ्या आजींना कोण घेऊन निघणार, हे नाव घालून लिहिलेलं असतं, आणि तो माणूस गावी गेला असेल तर दुसरं कोण, तेही. नुसतं ‘आम्ही लक्ष ठेवू’ असं म्हणून भागत नाही. सगळ्यांनी लक्ष ठेवायचं ठरवलं, की कुणीच जात नाही.

निरोप पोहोचवायला फोनची साखळी असते. पहिल्याने दोघांना फोन करायचा, त्या दोघांनी पुढच्या दोघांना. एखाद्याने उचलला नाही, तर त्याच्यासाठी न थांबता त्याच्या खालच्या दोघांना करायचा. पण आगीच्या दिवशी वीज आधी जाते, मग मोबाइलचे मनोरेही बंद पडू शकतात, कॉर्डलेस फोन तर विजेशिवाय मुकाच. म्हणून बरेच गट यूएचएफचे हातातले रेडिओ ठेवतात आणि बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओवर एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेचं स्थानिक केंद्र लावून ठेवतात. धोक्याच्या इशाऱ्यांसाठी आता राष्ट्रीय पातळीवर फोनसंदेशांची व्यवस्था आहे, ॲप आहेत. ती वापरावीत. फक्त संदेश येईपर्यंत वाट पाहत बसू नये. काही वेळा आग संदेशाच्या आधी पोहोचते.

रस्ता एकच असलेल्या वस्त्यांना जास्त काळजी घ्यावी लागते. ३१ डिसेंबर २०१९ रोजी मलाकुटा या किनाऱ्यावरच्या गावाभोवती आगीने वेढा घातला. सुट्ट्यांचे दिवस असल्याने गाव पर्यटकांनी भरलेलं होतं. बाहेर जाणारा एकमेव रस्ता बंद झाला आणि सुमारे चार हजार माणसं पाण्याच्या कडेला जमली. भर सकाळी आकाश आधी काळं आणि मग लाल झालं. पुढे नौदलाचं ‘चूल्स’ हे जहाज येऊन सुमारे हजार लोकांना घेऊन गेलं. अशा ठिकाणी ‘कधी निघायचं’ याचं उत्तर रस्त्याच्या लांबीवर आणि अरुंदपणावर ठरतं, तुमच्या घरापासून आग किती लांब आहे यावर नव्हे. निघता आलंच नाही तर शेवटचा आसरा म्हणून काही मैदानं, सभागृहं ठरवलेली असतात. तिथे अन्न नसतं, पाणी नसेल, बंबही असतीलच असं नाही. जीव वाचण्याची शक्यता तेवढी थोडी अधिक. ती जागा कुठे आहे हे गटातल्या मुलांनाही पायी जाऊन दाखवलेलं असावं.

थांबणाऱ्यांबद्दल थोडक्यात. काही घरं थांबण्याचाच निर्णय घेतात, आणि गटात त्यांची चेष्टा किंवा कौतुक दोन्ही होऊ नये. त्यांच्याकडे नळाच्या पाण्यावर अवलंबून नसलेलं किमान दहा हजार लिटर पाणी हवं, पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारा पंप हवा, कारण विजेचा पंप आग येण्याआधीच बंद पडेल. अंगात लोकरी किंवा सुती, अंगभर कपडे हवेत. ज्वाळा अंगाला न लागताही त्यांची धग दुरूनच माणसाला मारते. किमान दोन धडधाकट माणसं हवीत. आणि शेजाऱ्यांना आधीच कळायला हवं की इथे कुणी थांबलेलं आहे, म्हणजे उगाच शोधाशोध होणार नाही. सिडनीकडे याचा वेगळा प्रकार आहे. १९९४ च्या जानेवारीतल्या आगींत तिथे दोनशेहून अधिक घरं गेल्यावर न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलाने रानालगतच्या रस्त्यांवर रहिवाशांची छोटी पथकं उभी केली. त्यांना प्रशिक्षण, गणवेश, पंप आणि नळ्या दिल्या. मुख्य आगीशी लढणं हे त्यांचं काम नाही. आग येण्याआधी घरं भिजवायची आणि गेल्यावर धुमसणाऱ्या ठिणग्या विझवायच्या.

आता मराठी वाचकाशी थेट संबंध येतो तो मेलबर्नच्या पश्चिमेला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत टार्नेट, ट्रुगनिना, पॉइंट कुक अशा नव्या उपनगरांत पुणे-मुंबई-नागपुराकडची कितीतरी कुटुंबं स्थिरावली. इथे डोंगर नाही, निलगिरीचं रान नाही. घरं नवी, रस्ते सरळ. त्यामुळे वणवा म्हणजे दूरच्या डोंगरातली गोष्ट, असं वाटणं साहजिक आहे. पण वसाहतीच्या शेवटच्या रांगेपलीकडे मैलोन्‌मैल सुक्या गवताची सपाटी पसरलेली असते. गवताची आग जंगलातल्या आगीपेक्षाही वेगाने धावते, ताशी २५ किलोमीटरपर्यंत. तिची उष्णता कमी काळ टिकते, पण गवतात उभ्या माणसाला पळून वाचता येत नाही, आणि वाऱ्याच्या दिवशी ती कडेच्या कुंपणांपर्यंत काही मिनिटांत पोहोचते. अशा वस्तीत बहुतेक जण नवे, दोघंही नोकरीला, शेजाऱ्याचं नाव माहीत नाही. सहा महिने राहायला आलेल्या आईबाबांना उन्हाळ्याच्या दुपारी घरी एकटं ठेवून सगळे कामावर. त्यांना धोक्याची पायरी काय ते ठाऊक नसतं, इंग्रजीतला रेडिओ ते ऐकत नाहीत. शेजारची बाई दार ठोठावून ‘निघा’ म्हणाली तर तिच्याबरोबर जायचं की मुलाच्या फोनची वाट पाहायची, हे त्यांनी कुणाला विचारायचं?

हे त्यांना येताच सांगून ठेवायला हवं. शेजारच्या बाईशी ओळख करून द्यायला हवी, मग ती पंजाबी असो, व्हिएतनामी असो की जुनी ऑस्ट्रेलियन. दिवाळीचा फराळ घेऊन शेजारी जाणारी आपली माणसं तिथे अनेक आहेत. दिवाळी आणि तिथल्या आगीच्या मोसमाची सुरुवात साधारण एकाच सुमाराला येते. फराळाच्या डब्याबरोबर एकमेकांचे फोन नंबर आणि ‘उद्या मोठा वारा आहे, आईबाबा घरी आहेत’ एवढं एक वाक्य पोहोचलं, तरी एक दुवा तयार झाला.

गट उभा करणं एक आणि टिकवणं दुसरं. मोठ्या आगीनंतरच्या वर्षी बैठकांना जागा पुरत नाही. पाच शांत, पावसाळी उन्हाळे गेले की तीनच जण येतात. ज्याच्या घरी बैठक व्हायची तो घर विकून गावाला जातो, त्याच्यासोबत यादीही जाते. नवे भाडेकरू येतात, त्यांना कुणी सांगत नाही. सुट्टीपुरतं येणाऱ्या मालकांची घरं बंद असतात आणि त्यांच्या पन्हळी पाचोळ्याने भरून वाहतात. पाऊस चांगला झालेल्या वर्षांत गवत आणि झुडपं दाट वाढतात, तीच पुढच्या दुष्काळात इंधन होतात. म्हणजे गट ढिला पडण्याचा काळ आणि रान आगीला तयार होण्याचा काळ एकच. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय इथे परवडत नाही.

ज्या वस्त्यांत गट टिकले आहेत, तिथे बहुतेक वेळा काहीतरी साधी रीत रुजलेली असते. वर्षातून एकदा रस्त्यावरचं एकत्र जेवण, सप्टेंबरात सगळ्यांची मिळून पाचोळा काढण्याची एक सकाळ, घर विकताना नव्या मालकाच्या हाती किल्लीसोबत आगीचा नकाशा. स्ट्रॅथ्युअन या छोट्या वस्तीत ब्लॅक सॅटर्डेला २७ माणसं गेली आणि शाळाही जळाली. पुन्हा बांधलेल्या त्या प्राथमिक शाळेत नंतर वरच्या वर्गांतली मुलं स्थानिक सीएफएच्या माणसांबरोबर दर वर्षी आगीचा अभ्यास करू लागली. इंधन किती सुकलंय, हवामान काय म्हणतंय, धोक्याच्या पायऱ्या कशा वाचायच्या, हे ती शिकतात आणि मग घरच्यांना, गावाला समजावून सांगतात. पाचवी-सहावीतली मुलगी जेव्हा वडिलांना विचारते, ‘आपण उद्या किती वाजता निघायचं?’, तेव्हा त्या घरात ‘बघू या’ म्हणणं कुणालाही जड जातं.